जीप खोलतानाची वही

मामानं हातात पाना द्यायच्या आधी वही दिली. शंभरपानी, रेघांची. "जे काढशील ते आधी लिहायचं, मग काढायचं," तो म्हणाला. "जोडायला बसू तेव्हा यातलं काही आठवणार नाही. मी एवढी वर्षं ही गाडी चालवली, तरी मलासुद्धा नाही."

गाडी म्हणजे विलिज सीजे-३बी. १९५३ साली आलेलं मॉडेल, ओळखायची खूण म्हणजे उंच बॉनेट. आधीच्या जीपांपेक्षा हिचं इंजिन उंच होतं, म्हणून बॉनेट आणि ग्रिल वर चढवावं लागलं. बऱ्याच लोकांना ते नाक बेढब वाटतं. मला लहानपणापासून तेच आवडतं. मामानं ती कच्च्या रस्त्यांवर, नदीच्या पात्रात, चिखलात चालवली, आणि मग एके वर्षी शेडमध्ये लावली ती सतरा वर्षं तिथेच राहिली. आता दोघांनी मिळून ती घरीच पूर्ण खोलून पुन्हा उभी करायची असं ठरलं. खोलायला आम्हाला अकरा आठवडे लागले, शनिवार-रविवार धरून.

पहिले दोन दिवस एकही नट फिरवला नाही. फक्त फोटो आणि मापं. बॉनेट आणि ग्रिल यांच्यातली फट दोन्ही बाजूंनी किती, मडगार्ड बॉडीला कुठे टेकतं, ब्रेकचा पाइप चासीच्या आतून जातो की बाहेरून. वायरिंगचे फोटो तर इतके काढले की मामा कंटाळला. तरी वायर काढताना मी एक नियम पाळला: जिथे जोड सुटत नव्हता तिथे वायर कापली, पण टर्मिनलला बोटभर तुकडा तसाच ठेवला आणि दोन्ही टोकांना एकाच नंबरची चिकटपट्टी लावली. जुन्या वायरवरचं कापडी वेष्टण काळं पडलेलं असतं, रंग ओळखता येत नाही. पण टर्मिनलच्या आत दबलेला तो बोटभर तुकडा मूळ रंगाचा निघतो. हे मला चौथी वायर काढताना कळलं, आणि पहिल्या तीन मी पुन्हा जाऊन तपासल्या.

मग पेट्रोलची टाकी. या गाडीची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. पुढे ग्राइंडर लागणार, गॅसची ज्योत लागणार, म्हणून ती सगळ्यात आधी बाहेर काढली. सतरा वर्षांत पेट्रोलचा घट्ट, वार्निशसारखा चिकटा झाला होता, आणि झाकण उघडताच आंबूस वास शेडभर पसरला. टाकी रिकामी दिसली म्हणून ती सुरक्षित होत नाही. भरलेल्या टाकीपेक्षा वाफ साठलेली रिकामी टाकी जास्त भडकते. आम्ही ती घरापासून लांब, उघड्यावर, झाकण काढून ठेवली आणि त्यानंतरच शेडमध्ये ठिणगी उडवणारं काही सुरू केलं.

पान्यांचं मी तपशिलानं लिहिते, कारण नुकसान सगळ्यात जास्त इथेच होतं. गाडी इंचाच्या मापाची. घरी असलेला सेट मिलिमीटरचा. अर्ध्या इंचाचा नट म्हणजे १२.७ मिमी, त्याला १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो. सैल नटाला चालूनही जातं. पण गंजलेल्या नटावर जोर दिला की त्या पाव-अर्ध्या मिलिमीटरच्या ढिलाईतच नटाचे कोपरे गोल होतात, आणि एकदा कोपरे गेले की छिन्नीशिवाय इलाज उरत नाही. पाऊण इंचाला १९ चा पाना चपखल बसतो, तेवढा एक अपवाद. पाना हातात घेतला त्या पहिल्याच दिवशी मडगार्डाचे दोन नट मी गोल केले. त्यानंतर इंची पाने आणि सहा कोनांचे सॉकेट आणले. बारा कोनांचं सॉकेट पटकन बसतं, पण नटाला कोपऱ्यांवरच धरतं. सहा कोनांचं सपाट बाजूंवर धरतं.

जाम नटाला रोज संध्याकाळी तेल द्यायचं आणि दुसऱ्या दिवशीही घाई करायची नाही. आधी किंचित आवळायचा, मग सोडवायचा. आवळताना गंजाची पकड मोडते. मोडल्याचा एक बारीक "टक" ऐकू येतो, हाताला त्याहून आधी कळतो. मग पाव फेरा उलटा, पुन्हा थोडा सुलटा, तेल, पुन्हा पाव फेरा. आट्यांतून लालसर भुकटी बाहेर यायला लागली की समजायचं, येतोय. सरळ एका दमात फिरवलात तर तीच भुकटी आट्यांत दाटते आणि बोल्ट मधूनच तुटतो. नुसत्या तेलानं न हललेले नट आम्ही गरम केले. नट तापून फुगतो, आतला बोल्ट त्यामानानं थंड असतो, तेवढ्यात फिरवायचा.

डाव्या चाकाचा पहिला बोल्ट मात्र मीच तोडला. उजव्या बाजूची दोन्ही चाकं सुटली होती. डावीकडे आले तर नट हलेना. पाइप लावून पान्याचा दांडा लांब केला, अंगाचा भार टाकला, आणि स्टड कडकन मोडला. मोडलेला तुकडा पुसल्यावर टोकावर ठोकलेलं इंग्रजी "एल" अक्षर दिसलं. जुन्या जीपांना डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. चाक पुढे फिरताना नट सैल होऊ नये म्हणून तसे ठेवलेले. मी सोडवत नव्हते, आवळत होते. मामाला हे माहीत होतं, आणि सांगायचं राहिलं म्हणून तो दिवसभर हळहळत होता. वहीत त्या पानावर मी लाल पेनानं चौकट काढून ठेवली आहे.

सीट, काच, ग्रिल, मडगार्ड, बॉनेट यांत सांगण्यासारखं फार नाही. एका शनिवारात उतरलं. प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नंबर, वहीत त्या नंबरापुढे कुठून निघाले ते. पिशवीच्या आतही एक चिठ्ठी, कारण तेलकट हातांनी वरचा नंबर पुसला जातो.

इंजिन जाम होतं. हँडलनं तसूभर फिरेना. स्पार्क प्लग काढून चारही सिलिंडरांत पातळ तेल सोडलं आणि रोज थोडं थोडं घालत सहा दिवस थांबलो. सातव्या दिवशी फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनामागच्या जड चाकाच्या, दात्यांत पहार अडकवून हलकेच पुढे-मागे केलं. पुढे-मागेच. एका बाजूला रेटायचं नाही. अर्ध्या तासानं दोन दाते सरकले, मग पाच, मग अख्खा फेरा. पुढे हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उतरवल्यावर कारण दिसलं. तिसऱ्या सिलिंडरमध्ये भिंतीवर गंजाचं कडं धरलं होतं, पिस्टन जिथे थांबला होता बरोबर तिथे. बाकी तीन जवळजवळ स्वच्छ. इंजिन बंद झालं तेव्हा तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे जळलेला वायू बाहेर सोडणारी झडप, उघडा राहिलेला होता. सतरा पावसाळ्यांची दमट हवा सायलेन्सरच्या नळीतून थेट त्या एका सिलिंडरपर्यंत येत राहिली.

या इंजिनाची रचना मला उतरवतानाच नीट समजली. इनटेक व्हॉल्व्ह, म्हणजे पेट्रोल-हवा आत घेणारी झडप, वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये, बाजूला. इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे सगळ्या सिलिंडरांना जोडणारी नळी, वेगळा नाहीच, तो हेडच्या ओतकामातच आहे. म्हणून सुटणारा मॅनिफोल्ड एकच, एक्झॉस्टचा, आणि तापून थंड होऊन त्याचेच स्टड सगळ्यात चिवट झालेले. दोन तुटले. ते ड्रिल करून काढावे लागणार आहेत, ते काम पुढचं. पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणारे दांडे, फक्त चार, इनटेकचे. एका पुठ्ठ्याला चार भोकं पाडून क्रमानं खोचून ठेवले, पुढची बाजू बाणानं दाखवून. वर्षानुवर्षं एकाच जागी घासलेला भाग त्याच जागी परत गेला पाहिजे. टॅपेट, व्हॉल्व्ह, बेअरिंगच्या टोप्या, सगळ्यांना हाच न्याय. प्लगांना वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी त्यातल्या फिरत्या रोटरचं तोंड कुठे आहे त्याची खूण बॉडीवर केली, आणि फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-४-२ वहीत लिहिली. सोपी आहे, तरी लिहिली.

इंजिन चेन पुलीवर वर आलं तेव्हा मामा एक हात त्याच्यावर ठेवून उभा होता. गिअरबॉक्सखाली मी आधी लाकडी ठोकळा दिला होता. नाहीतर इंजिन बाहेर येताच तो पुढच्या बाजूनं खाली कलतो.

मग बॉडी. फरशीचा पत्रा वरून बरा दिसत होता. खालून त्याला आधार देणाऱ्या पन्हळींमध्ये वाळलेला चिखल गच्च भरलेला. चिखल ओल धरून ठेवतो, त्यामुळे पत्रा वरून नाही, त्या पन्हळींच्या रेषेवर खालून खाल्ला गेला होता. स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबलं तर पलीकडे गेलं. ड्रायव्हरच्या पायाखाली एकावर एक तीन ठिगळं निघाली. सगळ्यात खालचं रिव्हेट मारलेलं, मधलं गॅसनं जोडलेलं, वरचं स्क्रूनं. तीन वेगवेगळ्या हातांचं काम. खालचं सगळ्यात सुबक होतं. कडा घासून गोल केलेल्या, रिव्हेट सारख्या अंतरावर. कोणी केलं ते मामाला आठवत नाही, पण तो माणूस समोर असता तर मी त्याला नमस्कार केला असता. ते ठिगळ कापून मी भिंतीवर लावलं आहे.

अशी कुजलेली बॉडी तशीच उचलली तर चढायच्या खाचेपाशी दुमडते, आणि एकदा दुमडली की मूळ माप कायमचं हरवतं. म्हणून उचलण्याआधी दोन्ही बाजूंच्या खाचांत लोखंडी अँगल आडवे-तिरपे वेल्ड करून घेतले. मग बॉडीचे बोल्ट. यातले निम्मे ग्राइंडरनं कापावे लागले. प्रत्येक ठिकाणी बॉडी आणि चासी यांच्यामध्ये रबराची एक चकती होती. डाव्या मागच्या ब्रॅकेटवर मात्र रबर, त्याखाली तीन लोखंडी वायसर आणि त्याखाली टायरचा कापलेला एक चौकोनी तुकडा. बघताक्षणी वाटलं, कोणीतरी हाताला लागेल ते भरून ठेवलंय. मी ती चळत कचऱ्याच्या बादलीत टाकली. मामानं बादलीत हात घालून ती बाहेर काढली. "का घातलंय ते कळेपर्यंत काही टाकायचं नाही." पिशवी नंबर ४१.

चौघांनी मिळून बॉडी उचलली आणि बाजूला लाकडी घोडीवर ठेवली. उरली चाकांवरची चासी, मधोमध गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची पेटी.

त्यांतलं ऑइल काढताना एक गोष्ट लक्षात आली. गिअरबॉक्समध्ये ऑइल कमी, ट्रान्सफर केसमध्ये वाजवीपेक्षा जास्त. बाहेर गळतीची खूण नाही. म्हणजे दोघांच्या मधलं सील गेलंय आणि एकातलं ऑइल दुसऱ्यात झिरपतंय. नुसती पातळी बघून वर ऑइल घालत राहिलं असतं, तर हे कधीच कळलं नसतं. म्हणून ऑइल आधी स्वच्छ भांड्यांत वेगवेगळं काढायचं, मोजायचं, बोटांत चोळून बघायचं. ट्रान्सफर केसच्या ऑइलमध्ये पितळी चमक होती. कुठलातरी थ्रस्ट वायसर झिजला आहे.

ट्रान्सफर केस मी जमिनीवर चादर अंथरून खोलली, आणि त्या चादरीनंच वाचवलं. शिफ्टचा दांडा बाहेर ओढताना आतली स्प्रिंग सुटते आणि वाटाण्याएवढी पोलादी गोळी उडते. हे मला माहीत होतं, तरी अंगठा वेळेवर भोकावर गेला नाही. गोळी चादरीच्या घडीत सापडली. मधला गिअर ज्या शाफ्टवर फिरतो, त्यावर सुट्या सुयांसारखे रोलर असतात. शाफ्ट बाहेर आला की ते पावसासारखे गळतात. इथे मी खाली ताट धरलं होतं. रोलर पुसले, मोजले, शाफ्टभोवती पुन्हा उभे करून कडं पूर्ण भरतंय ना बघितलं, आणि मगच डबीत टाकले. दोन रोलरांवर खड्डे दिसले, म्हणजे आता सगळे नवे. तरी जुने ठेवले. नवे आले की लांबी-जाडी ताडून बघायला हातात मूळ नग लागतो.

आता मागच्या हबबद्दल, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाबद्दल. या कामात मला खरी भीती एकाच ठिकाणी वाटली, ती इथे. मागच्या ॲक्सलचं टोक निमुळतं असतं आणि हब त्यावर चावीसकट, म्हणजे खोबणीतल्या लोखंडी पट्टीसकट, घट्ट बसलेला असतो. अनेक वर्षांनी तो शाफ्टशी एकजीव झाल्यासारखा होतो. हातोडा मारून निघत नाही, आणि मारूही नये, कारण तो मार आतल्या बेअरिंगला आणि डिफरन्शियलला बसतो. त्याला जाड तीन पायांचा पुलर, म्हणजे ओढून काढायचं अवजार, लागतो. स्प्लिट पिन काढायची, मोठा नट सैल करायचा, पण पूर्ण काढायचा नाही. आट्यांच्या टोकाशी राहू द्यायचा. मग पुलर लावून ताण द्यायचा. आम्ही ताण दिला, पुलरच्या बोल्टवर ठोकलं, पुन्हा ताण दिला. काही नाही. अंधार पडला. मामा म्हणाला, असाच ताणात राहू दे, आणि कोणी त्याच्यासमोर उभं राहू नका. चाकाच्या रेषेतून सगळं बाजूला केलं, शेडला कुलूप लावलं.

रात्री पावणेतीनच्या सुमाराला बंदुकीसारखा आवाज झाला. मी उठून बसले. सकाळी बघितलं तर हब सुटून त्या सैल नटावर अडकला होता, पुलरसकट. नट नसता तर ते सगळं ओझं समोरच्या भिंतीवर गेलं असतं. दुसऱ्या बाजूचा हब पुलर लावल्यावर दहा मिनिटांत सुटला. एकाच गाडीचे, एकाच वयाचे दोन हब.

ब्रेकच्या ड्रममधली धूळ हवेनं उडवली नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं आणि ती धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. पाण्याचा फवारा मारून, ओल्या फडक्यानं पुसून, फडकी पिशवीत बंद केली. तोंडावर मास्क होता तरी हेच केलं. त्या दिवशी माझी मुलगी शेडमध्ये यायला मागत होती, तिला येऊ दिलं नाही.

पुढच्या ॲक्सलला दोन्ही टोकांना गोल नकल, म्हणजे चाक वळवणारे सांधे, आत वाळून मेणासारखं झालेलं ग्रीस. नकल ज्यावर वळतो त्या किंगपिनच्या टोप्यांखाली कागदाइतक्या पातळ शिम, म्हणजे पत्र्याच्या चकत्या, असतात, त्यांच्यावर बेअरिंगचा ताण ठरतो. चारही टोप्यांच्या शिम वेगळ्या पाकिटांत ठेवल्या. त्या एकत्र झाल्या तर स्टिअरिंग किती जड किंवा ढिलं होतं, ते सगळं नव्यानं शोधत बसावं लागतं. पाटे निघाले, त्यांना चासीशी जोडणारे शॅकल निघाले. काही शॅकलचे आटे पुन्हा उलटे होते, पण आता मी फिरवण्याआधी बघत होते.

अकराव्या रविवारी चासी एकटी उरली. वायर ब्रशनं घासून, चार घोड्यांवर ठेवून, पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं ती सपाटीत आणली. मग कर्णांची मापं. पुढच्या डाव्या कोपऱ्यापासून मागच्या उजव्यापर्यंत, आणि उलट. फरक दोन मिलिमीटर. मामाचा चेहरा खुलला. चासी वाकलेली नव्हती. त्यानंतर बॉडीचे ब्रॅकेट एकेक करून नळीनं ताडले. सगळे एका पातळीत. डावा मागचा तेवढा खाली. पट्टी धरली: ९ मिमी.

मी पिशवी ४१ आणली. तीन वायसर आणि टायरचा तुकडा एकावर एक ठेवून कॅलिपर लावला. तुकडा दाबला की नऊ, सोडला की साडेनऊ.

मामा बराच वेळ त्या ब्रॅकेटवर अंगठा फिरवत होता. मुळाशी, वेल्डिंगच्या कडेला, एक केसासारखी चीर होती, गंजानं भरलेली. "ओढ्यात मागचं डावं चाक खड्ड्यात गेलं होतं," तो म्हणाला. "तुझी आई गाडीत होती. त्या दिवसानंतर मागून करकर यायची. एका मेकॅनिकनं अर्ध्या तासात बंद करून दिली होती, काय केलं ते मी विचारलंसुद्धा नाही."

वहीत ४१ पुढे मी लिहिलं: ब्रॅकेट ९ मिमी खाली, मुळाशी चीर. आधी चीर खोदून वेल्ड, मग ब्रॅकेट सरळ, मग बाकीच्यांसारखी एकच रबर चकती. आणि खाली, मामानं सांगितलं म्हणून: वायसर आणि टायरचा तुकडा जपून ठेवणे.